कर्तनयंत्र कागद का फाडते? दोषाचा शोध व उपाय

प्रास्ताविक

गेल्या काही वर्षांत आपल्या काही प्राथमिक शाळांत संगणकाच्या साहाय्याने चालणारे कागद-कर्तनयंत्र येऊन पोहोचले आहे. कोठे ते ग्रामस्थांच्या लोकवर्गणीतून घेतले गेले, कोठे माजी विद्यार्थ्यांनी दिले, तर कोठे एखाद्या उद्योगसंस्थेच्या सामाजिक दायित्व निधीतून मिळाले. दिसावयास ते कार्यालयातील प्रिंटरसारखेच असते. फरक इतकाच, की प्रिंटर शाईने रेघ उमटवितो, तर हे यंत्र त्याच रेघेवरून बारीक पाते फिरवून कागद कापते. अक्षरपट्ट्या, अंकांच्या चकत्या, अपूर्णांकांचे वर्तुळखंड, जिल्ह्याच्या नकाशातील सुटे तालुके, आकाशकंदिलाच्या पाकळ्या असे कितीतरी साहित्य त्यावर तयार होऊ शकते.

ज्या शाळेत दोनच शिक्षक चार वर्ग सांभाळतात, तेथे शैक्षणिक साहित्य कात्रीने कापण्यात किती संध्याकाळी खर्ची पडतात हे वाचकांस सांगावयास नको. पहिलीच्या वीस मुलांना प्रत्येकी एक अक्षरसंच द्यावयाचा म्हटले, तर हजाराच्या घरात अक्षरे कापावी लागतात. हाताने ते होत नाही. मग एकच संच टेबलावर राहतो आणि मुले तो दुरून पाहतात. अक्षर हातात घेऊन, त्याच्या वळणावरून बोट फिरवून, ते शेजारच्या अक्षराला जोडून पाहिल्याने मुलाला जे कळते, ते दुरून पाहिल्याने कळत नाही. या दृष्टीने हे यंत्र शिक्षकाचा खरा सहायक आहे.

असे असूनही शाळाभेटीच्या वेळी पुष्कळदा हे यंत्र कपाटात बंद असलेले आढळते. चौकशी केली असता बहुधा एकच उत्तर मिळते, "साहेब, ते कागद फाडते." यंत्र बिघडलेले नसते. कागद फाटण्याचे कारण शोधण्याची रीत अवगत नसल्याने ते बाजूला पडलेले असते. ही रीत सोपी आहे व तिच्यासाठी कारागीर बोलवावा लागत नाही. प्रस्तुत लेखात तिचाच विचार करावयाचा आहे.

१. कापणे आणि फाटणे

कागद म्हणजे वनस्पतिजन्य सूक्ष्म तंतूंचा दाबून वाळविलेला थर होय. पाते तीक्ष्ण असेल व कागद स्थिर असेल, तर मार्गात येणारा प्रत्येक तंतू जागच्या जागी छेदला जातो. यास आपण कापणे म्हणतो. पाते बोथट असेल किंवा कागद हलत असेल, तर तंतू छेदला जाण्यापूर्वी ओढला जातो, शेजारच्या तंतूंनाही आपल्याबरोबर ओढतो, आणि अखेरीस जेथे थर दुर्बल असेल तेथे तुटतो. हे फाटणे होय.

आपल्या विद्यार्थ्यांना हा भेद शेतातून ठाऊक आहे. ज्वारीच्या कापणीत शेतकरी डाव्या मुठीत ताट घट्ट धरतो व उजव्या हाताने विळा ओढतो. मूठ सैल पडली किंवा विळ्याची धार गेली, की ताट कापले न जाता मुळासकट उपटून येते. कर्तनयंत्रात चिकट मॅट हीच मूठ आणि पाते हाच विळा. पहिली घट्ट व दुसरे धारदार असले, की यंत्राला जोर लावावा लागत नाही.

यंत्राची रचना थोडी समजून घेतली पाहिजे. कागद एका चिकट मॅटवर बसवितात. रूळ ती मॅट पुढे-मागे सरकवितात आणि पाते धरणारा भाग डावी-उजवीकडे सरकतो. या दोन गतींच्या मेळातून सरळ, तिरपी व वक्र रेघ निर्माण होते. बहुतेक यंत्रांत पात्याला वळविणारी स्वतंत्र मोटर नसते. पात्याचे टोक त्याच्या आसापासून किंचित, म्हणजे एक मिलिमीटरहूनही कमी अंतराने, बाजूला असते. त्यामुळे कार्यालयातील फिरत्या खुर्चीखालच्या चाकाप्रमाणे ते आपोआप गतीच्या दिशेने वळते. कोपऱ्यावर मात्र त्याला जागच्या जागी वळावे लागते. ते कागदात फार खोल रुतले असेल, किंवा होल्डरमध्ये अडकले असेल, तर वळू शकत नाही आणि कोपरा ओढून फाडते. चौकोनाच्या बाजू स्वच्छ आणि कोपरे मात्र फाटलेले, असे दृश्य वारंवार दिसते त्याचे कारण हे होय.

२. जोर वाढविण्याचा मोह

कागद नीट कापला गेला नाही, की पहिला हात दाब वाढविण्याकडे जातो. हा मोह आवरावा. पाते बोथट असताना दाब वाढविला, तर तंतू अधिक ओढले जातात. मॅट सैल असताना दाब वाढविला, तर कागद अधिक सरकतो. होल्डरमध्ये कागदाचा कण अडकलेला असताना दाब वाढविला, तर पाते अधिक रुतते. तिन्ही प्रसंगी फाटणे वाढते, मॅटवर खोल चरे पडतात आणि मूळ कारण झाकलेलेच राहते. यास्तव दाब वाढविणे हा उपाय सर्वांत शेवटी, अन्य कारणे तपासून झाल्यावरच योजावा.

३. प्रथम विचारावयाचे तीन प्रश्न

फाटलेला कागद टाकून देऊ नये. कारणाचा माग त्यातच असतो. तो हातात घेऊन पुढील तीन प्रश्न विचारावेत.

(अ) कागद केव्हा फाटला? कापताना फाटला, की कापून झाल्यावर मॅटवरून उचलताना? पुष्कळ वेळा यंत्राने काम चोख केलेले असते आणि कागद आपल्या बोटांनी फाटलेला असतो. अशा वेळी यंत्राची कळ फिरविण्यात अर्थ नाही.

(आ) कागद कोठे फाटला? कागद मॅटवर दुसऱ्या ठिकाणी लावून तीच आकृती पुन्हा कापावी. फाटण्याची जागा मॅटच्या त्याच भागावर राहिली, तर दोष मॅटचा. ती आकृतीबरोबर सरकली, म्हणजे आकृतीच्या त्याच वळणावर पुन्हा फाटली, तर दोष आकृतीचा. सर्वत्रच कडा लवदार व ओढल्यासारख्या आल्या, तर संशय पात्यावर.

(इ) कोणता कागद फाटला? त्याच मांडणीत दुसऱ्या जातीचा कोरा, सपाट, कोरडा कागद लावून पाहावा. तो नीट कापला गेला, तर यंत्र निर्दोष असून पहिला कागद त्या मांडणीस अनुरूप नव्हता, असे समजावे.

४. चाचणी-आकृती व नोंद

प्रत्येक नव्या कागदावर मुख्य काम सुरू करण्यापूर्वी कोपऱ्यात लहान चाचणी घ्यावी. दोन सेंटिमीटर बाजूचा एक चौकोन व त्याच्या आत एक सेंटिमीटर व्यासाचे वर्तुळ, एवढी आकृती पुरते. चौकोनाच्या सरळ बाजू पात्याची धार दाखवितात, कोपरे पाते मोकळेपणी वळते की नाही ते दाखवितात, आणि लहान वर्तुळ मॅटची पकड दाखविते.

चाचणीचा एक नियम काटेकोरपणे पाळावा. एका वेळी एकच बदल करावा. पाते, वेग व दाब एकाच वेळी बदलले आणि कागद नीट कापला गेला, तर कोणत्या बदलाने ते साधले हे कधीच कळणार नाही, आणि पुढच्या महिन्यात तीच अडचण नव्याने उभी राहील. प्रत्येक बदलानंतर चाचणीचा तुकडा वहीत चिकटवून त्याखाली कागदाची जात, पात्याची खोली, दाब, वेग व तारीख लिहावी. वर्षभरात ही वही यंत्रासोबत आलेल्या पुस्तिकेहून अधिक उपयोगी ठरते. शिक्षकाची बदली झाली तरी वही शाळेत राहते, हा तिचा आणखी एक लाभ.

कारणे तपासण्याचा क्रमही ठरलेला असावा. ज्यास पैसे लागत नाहीत ते आधी तपासावे: प्रथम स्वच्छता, नंतर मॅट, मग खोली, वेग व आकृती, आणि अखेरीस नवे पाते.

५. पाते

यंत्र बंद करून, विजेची पिन काढून, मगच पात्याला हात लावावा. होल्डर बाहेर काढून त्याच्या तोंडाशी कागदाचे कण अडकले आहेत काय, हे उजेडात पाहावे. सूक्ष्म कण मऊ कुंचल्याने झाडावेत. केवळ एवढ्याने पुष्कळ यंत्रे पूर्ववत चालू लागतात. पाते होल्डरमध्ये पूर्ण बसले आहे, ते सहज फिरते, आणि होल्डर यंत्रात शेवटपर्यंत खाली जाऊन घट्ट झाला आहे, या तीन गोष्टी पाहाव्यात. होल्डर किंचित वर राहिला, तर पाते उड्या मारीत चालते व रेघ तुटक येते.

धार गेल्याची खूण म्हणजे कापलेल्या कडेवर दिसणारी तंतूंची लव. भिंगातून पाहिल्यास ती स्पष्ट दिसते. शाळेच्या विज्ञानपेटीतील साधे भिंग यास पुरेसे आहे. जाड कार्डशीट, चकाकीचा कागद व खरखरीत कागद यांनी धार लवकर जाते. बोटांनी चाचपडण्यासाठी खरखरीत कागदाची अक्षरे करावयाची असतील, तर ती यंत्रावर कापू नयेत. कार्डशीटवर अक्षराचा छाप कापून घ्यावा, तो पालथा ठेवून खरखरीत कागदाच्या मागील बाजूवर अक्षर आखावे, आणि जुन्या कात्रीने कापावे. शक्य असल्यास कागदासाठी एक पाते व चिकट पत्र्यांसाठी दुसरे पाते राखून ठेवावे आणि दोन्हींवर खूण करावी. चिकट पत्र्याचा गोंद पात्यावर राहिला, तर तोच पुढे कागद ओढतो.

सर्वसाधारण कागदास ४५ अंशांचे पाते वापरतात. ६० अंशांचे पाते अधिक उभे असते. ते जाड कागदासाठी व बारीक नक्षीसाठी योजतात. पाते विकत घेताना आपल्या यंत्राचा नमुना दुकानदारास दाखवूनच घ्यावे. एका यंत्राचे पाते दुसऱ्यास बसेलच असे नाही.

६. खोली, दाब आणि वेग

पाते होल्डरबाहेर किती डोकावते, ती खोली. ते कागदावर किती जोराने टेकते, तो दाब. या दोन गोष्टी निराळ्या आहेत. त्यांची गल्लत करू नये. छपाईचा नेहमीचा ८० जीएसएम कागद सुमारे ०.१ मिलिमीटर जाड असतो, तर २५० जीएसएम कार्डशीट सुमारे ०.३ मिलिमीटर. पाते कागदाच्या जाडीहून अगदी किंचित अधिक बाहेर असावे. योग्य खोलीत कागद पूर्ण कापला जातो व मॅटवर केवळ पुसट ओरखडा उमटतो. मॅटवर बोटाच्या नखाला लागेल असा चर पडत असेल, तर खोली जास्त आहे.

ज्या यंत्रात खोली हाताने ठरवावयाची असते, त्यासाठी एक सोपी कसोटी आहे. जो कागद कापावयाचा तो दुहेरी घडी घालून जुन्या मॅटवर ठेवावा. होल्डर हातात धरून शिक्षकाने त्यावर एक रेघ ओढावी. वरचा थर पूर्ण कापला जाऊन खालच्यावर केवळ खूण उमटली, तर खोली योग्य. खालचा थरही कापला गेला, तर ती कमी करावी. काही यंत्रे खोली स्वतः ठरवितात. तेथे कागदाचा प्रकार योग्य निवडला आहे किंवा नाही एवढेच पाहावे. पातळ कागद लावून यादीत कार्डशीट निवडली गेल्यास कागद फाटणारच.

वेग कमी केल्याने पात्याला वळावयास अवधी मिळतो. बारीक नक्षी व लहान अक्षरे यांसाठी वेग सर्वांत कमी ठेवावा. काम सावकाश होते, परंतु कागद वाया जात नाही. जाड कार्डशीट एका दमात कापण्याचा आग्रह धरू नये. मध्यम दाबाने त्याच रेघेवरून दोनदा पाते फिरविले, तर काम सुबक होते. पातळ कागदावर मात्र दुसरी फेरी टाळावी, कारण सुटलेला तुकडा पात्याबरोबर उचलला जातो.

७. चिकट मॅट

आपल्याकडील शाळांत मॅटचा मोठा शत्रू म्हणजे धूळ व खडूची भुकटी. फळ्याजवळ उघडी ठेवलेली मॅट थोड्याच दिवसांत निकामी होते. काम संपताच तिच्यावर मूळ पारदर्शक आवरण पुन्हा लावावे व ती सपाट ठेवावी. उन्हात किंवा पत्र्याखाली तापलेल्या जागी ठेवू नये.

पकड सैल झाली असता मॅट फेकून देण्याची घाई करू नये. कोमट पाण्यात थोडा सौम्य साबण घालून मऊ ब्रशाने ती हलक्या हाताने धुवावी व सावलीत वाऱ्यावर वाळू द्यावी. कापडाने पुसू नये, कारण कापडाचे धागे चिकटून राहतात. धुतल्यावरही पकड आली नाही, तर कागदाच्या चारही कडा कापण्याच्या क्षेत्राबाहेर कागदी चिकटपट्टीने पक्क्या कराव्यात. कागद मॅटवर ठेवल्यानंतर मधून कडेकडे तळहाताने दाबून आतील हवा काढावी. जेथे फुगा राहतो, तेथे कागद फाटतो.

याउलट नव्या मॅटची पकड फार तीव्र असते आणि पातळ कागद उचलताना तिच्यावरच फाटतो. अशा मॅटवर स्वच्छ, धागे न सुटणारे सुती कापड दोन-तीन वेळा दाबून उचलावे, म्हणजे चिकटपणा मवाळ होतो. कागद काढताना मॅटवरून कागद ओढू नये. मॅट पालथी करून कागदाची बाजू टेबलाकडे ठेवावी आणि मॅटच मागे वाकवीत कागदापासून सोडवावी. मॅट वाकते, कागद सपाट राहतो, आणि नाजूक टोके शाबूत राहतात. उचलताना फाटणाऱ्या कागदास एवढा एकच उपाय बहुधा पुरतो.

८. कागद

(अ) वजन. आवेष्टनावर लिहिलेला जीएसएम हा आकडा म्हणजे एक चौरस मीटर कागदाचे ग्रॅममधील वजन होय. सुटा कागद आणला असता तो कसा ओळखावा? ए-४ आकाराचे १६ कागद मिळून एक चौरस मीटर होतो. म्हणून कोणत्याही कागदाचे ए-४ आकाराचे १६ ताव तराजूत घालावेत. जितके ग्रॅम भरतील, तितका त्याचा जीएसएम. ८० जीएसएमचा एक ताव पाच ग्रॅमचा असतो. हा प्रयोग चौथी-पाचवीच्या मुलांकडून करवून घ्यावा. क्षेत्रफळ, वजन व भागाकार यांची त्यात एकत्र उजळणी होते.

(आ) तंतूंची दिशा. १७९९ साली फ्रान्समध्ये निकोला-लुई रोबेर याने अखंड पट्टीच्या रूपात कागद करणाऱ्या यंत्राचे पेटंट घेतले. तेव्हापासून यंत्रावर होणाऱ्या कागदात तंतू बहुतांशी पट्टीच्या चालीच्या दिशेने लोळलेले असतात. वर्तमानपत्राचा कागद एका दिशेने सरळ फाटतो व दुसऱ्या दिशेने वेडावाकडा, तो यामुळेच. नक्षीतील लांब, अरुंद पट्ट्या तंतूंच्या दिशेने ठेवल्या, तर त्या बळकट राहतात. आडव्या ठेवल्या, तर तुटतात. कागद एकदा नेमका काटकोनात फिरवून चाचणी घेतली, म्हणजे कोणती बाजू योग्य ते ध्यानात येते. दिशा ओळखावयाची झाल्यास कागद दोन्ही बाजूंनी हलकेच वाकवून पाहावा. ज्या बाजूने तो सहज वाकतो, त्या घडीच्या रेषेत तंतूंची दिशा असते.

हातकागदात ही दिशा फारशी नसते, कारण तंतू साच्यात सर्व बाजूंनी पसरतात. दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्यात हा व्यवसाय जुना आहे, आणि पुण्याची हातकागद संस्था १९४० पासून या क्षेत्रात आहे. हातकागद चिवट असतो, परंतु त्याची जाडी जागोजागी कमीअधिक असते. म्हणून त्यावर साध्या, मोठ्या आकृती घ्याव्यात व वेग कमी ठेवावा. रद्दीपासून पुन्हा केलेल्या कागदाची गोष्ट उलट आहे. प्रत्येक पुनर्निर्मितीत तंतू आखूड होत जातात; त्यामुळे असा कागद बारीक नक्षीस टिकत नाही. तो मोठ्या चकत्या व पट्ट्यांसाठी वापरावा.

(इ) ओलावा. कागद हवेतील बाष्प शोषून घेतो. पावसाळ्यात, विशेषतः कोकणात व घाटमाथ्यावर, तो मऊ पडतो, फुगतो, त्याच्या कडा लाटेसारख्या होतात व पाते त्यात तंतू ओढीत जाते. उन्हाळ्यात चोख कापला जाणारा कागद श्रावणात फाटू लागला, तर यंत्रास दोष देऊ नये. कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करून सपाट ठेवावा, लागेल तेवढाच बाहेर काढावा, आणि पावसाळी कामासाठी वेगळी चाचणी घेऊन वहीत नोंदवावी.

(ई) यंत्रास अयोग्य कागद. पतंगाचा कागद व क्रेप कागद यांच्यावर यंत्र चालविण्याचा हट्ट धरू नये. पताका घडी घालून कात्रीनेच कापाव्यात. ते काम मुलांच्या हातांनी अधिक लवकर व अधिक आनंदाने होते.

९. देवनागरी अक्षरांची विशेष अडचण

यंत्रासोबत येणाऱ्या पुस्तिकांत रोमन अक्षरांचे नमुने असतात. त्यामुळे आपल्या लिपीत उद्भवणारी एक अडचण त्यांत आढळत नाही. संगणकावरील देवनागरीत प्रत्येक अक्षर आपल्या शिरोरेखेचा तुकडा घेऊन येते व तो शेजारच्या तुकड्यावर किंचित चढलेला असतो. काना, मात्रा, वेलांटी व उकार यांच्या आकृतीही पुष्कळदा मूळ अक्षरावर चढतात. पडद्यावर शब्द एकसंध दिसतो. यंत्र मात्र प्रत्येक तुकड्याची कड वेगळी समजते व जेथे दोन तुकडे एकमेकांवर येतात तेथे दोन्ही कडा कापते. परिणामी शिरोरेखेवर प्रत्येक अक्षरापाशी बारीक चिरा पडतात आणि शब्द उचलताच तुटतो.

यावर उपाय एकच. कापण्यापूर्वी संपूर्ण शब्द निवडून त्याचे तुकडे एकरूप करणारी आज्ञा द्यावी. बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये ती 'वेल्ड' किंवा 'युनियन' या नावाने आढळते. ती दिल्यावर केवळ बाहेरची एकच कड उरते. मग मात्र शिरोरेखेचा लाभ आपल्याला मिळतो. रोमन शब्दाची अक्षरे सुटी पडतात. 'कमळ' हा शब्द एकाच तुकड्यात हातात येतो.

अनुस्वाराचा बिंदू सुटाच राहतो आणि लहान असल्यामुळे फाटतो किंवा हरवतो. तो थोडा मोठा करून शिरोरेखेस टेकवावा व मग शब्द एकरूप करावा. तीन मिलिमीटरहून अरुंद असा कोणताही भाग साध्या कागदावर ठेवू नये. पहिलीसाठी अक्षराची उंची पाच सेंटिमीटरहून कमी नसावी. मुलांच्या बोटांसही ते सोयीचे होते. अक्षराचा छाप कापावयाचा असेल, तर क, प, ब, व यांसारख्या अक्षरांच्या पोटातील भाग गळून पडतो; तो धरून ठेवण्यासाठी तीन-चार मिलिमीटर रुंदीचे दोन पूल सोडावेत.

छायाचित्रावरून आखलेल्या चित्राच्या कडेवर शेकडो बारीक टप्पे असतात. पाते प्रत्येक टप्प्यावर वळू पाहते व कागद झिजवते. अशी आकृती आधी सोपी व गुळगुळीत करून घ्यावी. तसेच आतील भाग आधी व बाहेरची कड शेवटी, असा कापण्याचा क्रम ठेवावा. बाहेरची कड आधी सुटली, तर तुकडा सैल होतो व आतील नक्षी फाटते.

१०. लक्षण व उपाय : संक्षिप्त तक्ता

कोपरेच फाटतात : होल्डर स्वच्छ करावा, खोली कमी करावी, वेग कमी करावा.

सर्व कडा लवदार येतात : कागद कोरडा आहे का पाहावे, नसल्यास बदलावा, तरीही लव राहिल्यास पाते बदलावे.

कागद गोळा होऊन पात्याबरोबर ओढला जातो : मॅट धुवावी, कडांना चिकटपट्टी लावावी.

मॅटच्या एकाच भागावर फाटतो : त्या भागावरील चर व धूळ पाहावी, काम दुसऱ्या भागावर न्यावे.

आकृतीच्या एकाच वळणावर फाटतो : आकृती मोठी वा सोपी करावी, चढलेले तुकडे एकरूप करावेत.

उचलताना फाटतो : मॅट पालथी करून मागे वाकवावी.

काही रेघा कापल्या जातात, काही नाहीत : होल्डर पूर्ण खाली बसला आहे का, मॅट सपाट आहे का, हे पाहावे; नंतरच दाब एक अंशाने वाढवावा.

मध्येच वीज गेली व पुढे रेघ चुकली : तोच कागद पुन्हा जुळविण्याचा प्रयत्न न करता नवा कागद घ्यावा.

११. विद्यार्थ्यांचा सहभाग व दक्षता

पाते काढणे, बसविणे व त्याची कसोटी घेणे ही कामे शिक्षकानेच करावीत. यंत्र चालू असता रुळांजवळ व पात्याच्या मार्गात कोणाचेही बोट जाता कामा नये. लांब बाह्या, ओढणी व मोकळे केस यांबाबत मुलांना आधीच समज द्यावी. जुनी पाती कचऱ्यात न टाकता झाकणाच्या डबीत जमा करावीत.

मात्र दक्षतेच्या नावाखाली मुलांना यंत्रापासून दूर ठेवू नये. कागद मॅटवर बसविणे, चाचणीचे तुकडे भिंगातून पाहणे, वहीत नोंद करणे, ताव मोजणे व तोलणे ही सर्व कामे मुलांची आहेत. १९३७ साली वर्ध्याच्या शिक्षण परिषदेतून पुढे आलेल्या मूलोद्योग शिक्षणात गांधीजींचा आग्रह होता, की हस्तव्यवसाय यांत्रिकपणे शिकवू नये. मुलाला प्रत्येक क्रियेचे कारण कळले पाहिजे. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दप्तराविना दहा दिवस सुचविले आहेत, तेही हस्तकौशल्याची ओळख व्हावी म्हणूनच. कागद फाटला असता "का फाटला असेल?" असे वर्गास विचारावे. मुले चार कारणे सांगतील. मग एकेक कारण बदलून पाहावयास लावावे. शास्त्रीय पद्धत म्हणून जी आपण फळ्यावर शिकवितो, ती येथे वीस मिनिटांत मुलांच्या हाती येते.

ज्या शाळांत हे यंत्र नाही, त्यांनाही यातील बहुतेक गोष्टी लागू आहेत. कात्री बोथट असेल, ओला कागद असेल, किंवा कागद धरणारा हात हलत असेल, तर तेथेही तंतू ओढलेच जातात.

समारोप

ज्या शाळांत कर्तनयंत्र कपाटात आहे, त्यांनी येत्या आठवड्यात ते बाहेर काढावे. प्रथम होल्डर झाडावा, मॅट धुवावी, आणि एका चौकोनाची चाचणी घ्यावी. चाचणीची वही केंद्रस्तरीय शिक्षण परिषदेस सोबत आणावी, म्हणजे एका शाळेस सापडलेले उत्तर शेजारच्या शाळेस पुन्हा शोधावे लागणार नाही. कागद अद्यापही फाटत असेल, तर फाटलेला तुकडाही वहीत चिकटवून आणावा. चांगल्या कापलेल्या तुकड्याइतकाच तोही उपयोगी आहे. पहिलीच्या मुलांच्या हाती अक्षरसंच पोहोचण्याची वाट पुष्कळदा त्याच्यातूनच सापडते.